सिद्राम मास्तरांचे उजवे पान

मंगळवार, १७ एप्रिल १९७३. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. वळसंगच्या पलीकडची वस्ती, सार्वजनिक विहीर. पाणी : नाही. तळ : काठापासून १४.५६ मीटर.

माझ्या क्षेत्रवहीतली ही नोंद आहे आणि तिच्यात विशेष काही नाही. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात अशा आठ-दहा नोंदी मी रोज करत असे. भूशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेल्या मुलीला आमच्या सोलापूरच्या कार्यालयाने एक पोलादी टेप, एक वही आणि आठवड्यातून दोनदा जीप दिली होती. कूपनलिकांच्या यंत्राबरोबर पुरुष सहकारी जात. "बाईमाणसाला तिथे राहायची सोय नाही," असे साहेब म्हणत. सोय कोणी करायची असते, याबद्दल ते काही बोलत नसत. विहिरींची पातळी मोजणे हे काम मला निरुपद्रवी म्हणून मिळाले होते. ते मी चिडून, म्हणजे अतिशय अचूकपणे, करत असे.

टेप गुंडाळताना मागून आवाज आला.

"बाई, तुमी पाणी मोजताय का पाणी नसल्यालं मोजताय?"

वळून पाहिले तर आधी एक काळी छत्रीच दिसली. तिच्याखाली बंद गळ्याचा कोट, धुवट धोतर आणि पांढरी टोपी घातलेले साठीतले एक गृहस्थ होते. मी काही उंच नाही, पण ते माझ्या कानाच्या पाळीला जेमतेम लागत होते.

"तळ मोजते आहे," मी म्हणाले.

"मग हरकत न्हाय. जे न्हाय ते मोजायचं काम माज्याकडं हाय."

हे सिद्राम मास्तर. तीस वर्षे त्या वस्तीच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. वस्तीवर घरे एकोणीस आणि मास्तर एकच, म्हणून त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. विहिरीची किल्ली, म्हणजे रहाटाला घातलेल्या कुलपाची किल्ली, त्यांच्याकडे असे. पाणी आटल्यावरही कुलूप होते. का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "कुलूप काडलं की विहीर संपली, असं लोकं समजतील."

त्यांचे खरे काम मला तिसऱ्या भेटीत कळले. फुलस्केप आकाराच्या, कापडी बांधणीच्या वह्या त्यांनी मांडणीवरून काढून माझ्यापुढे ठेवल्या. डाव्या पानावर शाईने लिहिलेले, त्या दिवशी काय झाले ते. उजव्या पानावर पेन्सिलीने, तेच जरा वेगळे झाले असते तर पुढे काय झाले असते ते. तारखेमागून तारीख, वर्षामागून वर्ष. ओढ्याला पूर आला त्या दिवशी बैलबाजार होता. बाजार नसता, तर बैल पलीकडे अडकले नसते, तर पेरणी आठ दिवस आधी झाली असती, तर... असे एक अख्खे पान.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला 'असते तर' हा शब्दप्रयोग सहन होत नाही. घडलेली गोष्ट एकदाच घडते. तिची दुसरी चाचणी घेता येत नाही, आणि जिची चाचणी घेता येत नाही तिच्यावर पेन्सिल झिजवणे हा वेळेचा अपव्यय आहे. हे मी त्यांना जवळजवळ याच शब्दांत सांगितले.

"बरोबर हाय," मास्तर म्हणाले. "म्हणून तर नियम हायत की. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरीला हात लावायचा न्हाय."

हा नियम मला माझ्या प्राध्यापकांनी दोन वर्षे घोकून घेतला होता.

"आनि जी बदलायची ती आदल्या संध्याकाळपर्यंत कुनाच्या तरी हातात असाया पायजे. पाऊस पडला असता तर, असं आमी लिवत न्हाय. पाऊस कुनाच्या हातात असतोय?"

हा आदल्या संध्याकाळचा नियम ते किती कठोरपणे पाळत, हे मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात पाहिले. ते पेन्शनसाठी शहरात आले होते, मी कार्यालयातून वैतागून बाहेर पडले होते, आणि आम्ही चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावर एक वकील दोन अशिलांना पानिपत जिंकून देत होते. मास्तरांनी खुर्ची तिकडे वळवली.

"साहेब, आदल्या संध्याकाळी काय बदलायचं ते सांगा. एकच."

"धान्य!" वकील म्हणाले. "सैन्य उपाशी होतं हो. धान्य पोचलं असतं तर—"

"कुनी पोचवायचं?"

"म्हणजे? सरदारांनी."

"नाव सांगा. कुटनं आणायचं? किती बैल लागत्याल? वाट कुटली?"

वकिलांनी अशिलांकडे पाहिले. अशिलांनी चहाकडे पाहिले. "तुम्ही इतिहासाचे मास्तर का?" त्यांनी विचारले.

"चौथीपर्यंतचे सगळेच विषय," मास्तर म्हणाले. "पानिपत मोटं हाय, साहेब. मोट्या गोष्टीत चूक लपती. आपल्या गल्लीतलं एकांदं घ्या, लगेच उगडं पडतंय."

शाळेत असतानाही ते वार्षिक परीक्षेत असा एक प्रश्न घालत. एका वर्षीचा प्रश्न : शाळा ओढ्याच्या पलीकडे बांधली असती तर काय झाले असते? तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारले की याचे बरोबर उत्तर काय. मास्तर म्हणाले, "ते पोरांनीच सांगाया पायजे, मी अजून शोधतोय." एका मुलीने लिहिले होते की पावसाळ्यात मास्तर शाळेत पोचले नसते आणि सगळ्यांना सुट्टी मिळाली असती. तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. अधिकाऱ्यांनी शेरा काय लिहिला, तेही डाव्या पानावर आहे. उजव्या पानावर, शेरा चांगला आला असता तर आपण मुख्याध्यापक म्हणून तालुक्याला गेलो असतो आणि बायकोला नळाचे पाणी मिळाले असते, असे आहे.

बायको म्हणजे नागव्वा काकू. त्या मास्तरांपेक्षा वीतभर उंच, आणि या वह्यांना 'ह्यांची दुसरी बायको' म्हणत. त्यांच्यावरही एक पान होते. मास्तरांचे स्थळ बघायला निघालेल्या, काकूंच्या माहेरच्या पाहुण्यांची बैलगाडी दुरुस्त करायला सुताराने नकार दिला असता, तर पाहुणे अक्कलकोटला मुक्कामी राहिले असते, आणि काकू तिथल्या एका किराणा दुकानदाराच्या घरी पडल्या असत्या.

"वाचून दाकवलं का तुमाला?" काकूंनी मला विचारले. "किराणा दुकान, बाई. गूळ, शेंगदाणे, घरात हौद. त्या सुताराचं नाव इचारतीय मी चाळीस वर्सं. सांगत न्हाईत."

"सांगिटलं तर तू त्याच्याशी भांडाया जाशील," मास्तर म्हणाले.

"मेला की तो!"

"मग त्याच्या पोराशी."

हे सगळे मजेचे होते. मात्र एक पान मजेचे नव्हते, आणि ते त्यांनी एकदा नव्हे, बावीस वेळा लिहिले होते. दर वर्षी एकदा, त्याच तारखेला.

एकोणीसशे एक्कावन्न साली वस्तीला सार्वजनिक विहीर मंजूर झाली. जागा दोन होत्या : ओढ्याकाठी, चन्नप्पाच्या बांधाला लागून, आणि वर, पिंपळाजवळ. पंचांमध्ये दोन मते इकडे, दोन तिकडे. पाचवे मत मास्तरांचे. चन्नप्पा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. दोघे एका पाटीवर लिहायला शिकले होते. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून पिंपळाजवळची जागा दाखवली, आणि मास्तरांनी पिंपळाला मत दिले. विहिरीला पाणी लागले, पण बेताचे. फाल्गुनापर्यंत पुरे, चैत्रात तळ दिसे. पहिल्याच उन्हाळ्यात चन्नप्पाने मास्तरांशी बोलणे सोडले. एकोणीस घरांच्या वस्तीत बावीस वर्षे न बोलणे हे फार कष्टाचे काम आहे. दोघांनी ते नेटाने केले होते.

"मी वड्याला मत दिलं असतं तर," मास्तर म्हणाले, आणि पुढे वाचले नाही. वही माझ्याकडे सरकवली. "तुमच्या शास्त्रात ह्याचं उत्तर हाय का, बाई? तितं पाणी हुतं का?"

मी आयुष्यात ऐकलेला हा पहिला 'असते तर' होता ज्याची चाचणी घेता येत होती. दगड बावीस वर्षांत बदलत नाही.

कार्यालयात एक यंत्र होते. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, दोहोंतून वीज सोडायची आणि उरलेल्या दोहोंपाशी मोजायची. काळा अखंड पाषाण वीज अडवतो, ओला भुसभुशीत थर जाऊ देतो. साहेबांकडे मागितले तेव्हा ते म्हणाले, "जिथे विहीर खोदलीच नाही तिथे कशाला तपासायचे? न झालेल्या गोष्टी आपल्या खात्याकडे नाहीत." आणि मग, "त्यापेक्षा हे बघा. आपल्या नोंदवहीत या विहिरीची खोली आठ परस, म्हणजे १७.०४ मीटर आहे. तुम्ही १४.५६ लिहिले आहे. अडीच मीटर विहीर गेली कुठे? टेप धरता येत नसेल तर सांगा, शिपाई देतो."

परस म्हणजे पुरुषभर : हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची, तळव्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची उंची. जुन्या विहिरी सगळ्या परसात मोजलेल्या. आमच्या कार्यालयात एक परस म्हणजे सात फूट, २.१३ मीटर, धरण्याचा तक्ता होता. मी परत गेले आणि तीनदा मोजले. १४.५६. गाळ असेल म्हणून पहार मारून पाहिली. तळाला कोरा काळा दगड. अंगाची आग झाली. माझी चूक नसताना चूक माझ्या नावावर लागत होती, आणि ती कुठून आली हे मला दाखवता येत नव्हते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्र रिकामे होते. साहेबांनी "सुट्टीच्या दिवशी काय हवे ते करा" असे वैतागून म्हटले. मी ती परवानगी समजले. सकाळी ओढ्याकाठी खुंट्या ठोकल्या. चन्नप्पा बांधावर हाताची घडी घालून उभा होता. उंच, हाडे मोठी, कानात भिकबाळी. ओढ्याकाठी खालपर्यंत पाषाणच होता. मी आलेख दोनदा काढला. मग पिंपळापाशी गेले. इथे पाषाण पंधरा मीटरच्या थोडे खाली संपत होता, आणि त्याच्याखाली मांजऱ्या होता; सच्छिद्र, मऊ, पाणी धरणारा खडक. विहिरीच्या तळापासून माझ्या अंदाजाने हातभर, फार तर दोन हात. विहीर खरोखर सतरा मीटर असती तर ती या थरात आरपार गेली असती.

म्हणजे मत बरोबर होते. जागा बरोबर होती. मास्तरांनी बावीस वर्षे चुकीची गोष्ट बदलून पाहिली होती.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. त्यांनी मांडणीवरून जुनी वही काढली. मग म्हणाले, "मग आदल्या संध्याकाळी कुनी काय केलं?"

"विहीर आठ परस खोदल्याचं कोणी लिहून दिलं?"

"मीच. समक्ष मोजली. सही हाय माजी."

"डावं पान दाखवा. त्या दिवसाचं."

त्या पानावर सुंदर, गोल अक्षरात लिहिले होते : आज विहीर मोजली. दोरी कोणाच्या अंगाने घ्यावी यावर दोन्ही पक्षांत तंटा. एकमेकांचा माणूस कोणी मान्य करीना. अखेर मास्तर खोटे बोलत नाही म्हणून दोरी माझ्या अंगाने घेतली. आठ दोऱ्या भरल्या. सर्वांचे समाधान.

मी वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. १४.५६ भागिले आठ. १.८२. सात फुटांचा परस जेमतेम सहा फुटांचा निघाला होता.

मी मास्तरांकडे पाहिले. काकूंनीही पाहिले. अख्ख्या वस्तीने तंटा मिटवण्यासाठी सर्वांत प्रामाणिक माणूस निवडला होता, आणि तो उंचीने सर्वांत कमी आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच्या स्वतःच्याही नाही. दोरी कापणारा, दोरी धरणारा, विहीर खोदणारा, सगळे त्याच्या शब्दाकडे बघत होते. अंगाकडे कोणी पाहिले नाही.

"अय्यो शिवा," काकू म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, ते मला आजही सांगता येत नाही.

यानंतरचे तीन आठवडे मी कागद लिहिले. तळ आणखी अडीच मीटर खोल करावा. दुष्काळी कामातून मजूर उपलब्ध आहेत. काम दहा-बारा दिवसांचे. साहेबांनी टिपण परत केले : विहीर कागदोपत्री आठ परस पूर्ण आहे, पूर्ण विहिरीच्या खोलीकरणाची तरतूद नाही. मी आलेख जोडला. परत आले : आलेख अंदाज आहे, नोंद ही नोंद आहे. मी समोर जाऊन भांडले. साहेब थकून म्हणाले, "मग आणा मोजणाऱ्याचा जबाब. आणि त्याची उंचीही आणा, पंचांसमक्ष!" ते चेष्टेने म्हणाले होते. मी ते शब्दशः घेतले.

जबाब देणे मास्तरांसाठी सोपे नव्हते. बावीस वर्षांपूर्वी सही करून दिलेला दाखला खोटा होता, असे निवृत्त शिक्षकाने सरकारला लिहून द्यायचे. "खोटा न्हवता," ते मला समजावत राहिले, "चुकीचा हुता." त्यांनी 'चुकीचा' हाच शब्द घातला आणि सही केली. पंच म्हणून दुसरी सही त्या वेळच्या विरुद्ध पक्षातल्या माणसाची हवी होती. तो एकच जिवंत होता. मी चन्नप्पाकडे गेले आणि सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले, कोपऱ्यातली काठी उचलली आणि माझ्यापुढे चालत विहिरीवर आला.

"मास्तर," तो म्हणाला. बावीस वर्षांनी. "मी तुज्या मतावर रुसून बसलो रं. तुज्या उंचीवर रुसाया पायजे हुतं की!"

"तू उंच हुतास," मास्तर म्हणाले. "तुजी दोरी का न्हाय दिलीस?"

"मला कोन इचारलं? मी खोटं बोलतो की!"

माझी संशोधनासाठी निवड झाल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले. मे अखेर मला सोलापूर सोडायचे होते. जबाब, पंचनामा आणि उंची हे तिन्ही कागद जोडून टिपण पुढे पाठवणे हे माझे तिथले शेवटचे काम ठरले.

त्याचे पुढे काय झाले ते आधी सांगते, कारण ते सांगताना मला अजून संताप येतो. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्यापुढे टिपण हरकतीसह परत आले : जबाब देणाऱ्याच्या उंचीस आठने गुणले असता १४.४० मीटर येतात, तळ १४.५६ आहे, सोळा सेंटिमीटरच्या तफावतीचा खुलासा करावा. खुलासा गेला, परत आला, पुन्हा गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टँकरवरून घागर आणताना काकू पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. हात पुढे कधी पुरता वळला नाही. मंजुरी आली ती पाऊस होऊन, दुष्काळ सरून, मी सहाशे किलोमीटर दूर बसलेली असताना. खोलीकरण पुढच्या उन्हाळ्यात झाले. मास्तरांचे कार्ड आले : "पाणी अर्ध्या परसात लागले. माझ्या नव्हे, चन्नप्पाच्या." एवढेच. उजव्या पानावर काय लिहिले, ते कळवले नाही.

मी मात्र लिहिते. एकच गोष्ट बदलायची, आणि ती आदल्या संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी हातात असली पाहिजे. ती माझ्या हातात होती.

शनिवार, २६ मे, सकाळी पावणेअकरा. विहिरीचा तळ. मास्तर पायऱ्या उतरून आधी खाली गेले होते. दोरी जिथे घेतली तिथेच उंची घ्या, असा त्यांचा हट्ट. कोट काढून काठावर काकूंकडे दिला होता. टोपी काढली होती. भिंतीला पाठ लावून, टाचा जोडून, दोन्ही हात वर करून ते उभे राहिले. वरून चन्नप्पा ओरडला, "पोलिसांनी धरल्यागत दिसतोयस!" ते हसले नाहीत. बोटे ताठ केली. मी भिंतीवर खूण केली, त्यांना बाजूला केले आणि टेप लावला.

अपेक्षित आकडा १.८२. आलेला आकडा दोन सेंटिमीटरने कमी. पुन्हा उभे केले, पुन्हा तेच. बावीस वर्षांत माणूस तेवढा खचतो; मणक्यांमधल्या चकत्या दबतात. हे शास्त्राला माहीत आहे, साहेबांना पटणार नाही, हेही मला त्या क्षणी माहीत होते. १.८२ लिहिले की गुणाकार तंतोतंत जुळत होता. वर काठावर कोणाला टेप दिसत नव्हता. पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"किती भरलं?" मास्तरांनी विचारले. हात अजून वर होते. खाली घ्या असे मी म्हटले नव्हते.

"दोन सेंटिमीटर कमी. १.८२ लिहू का? तेव्हा तेवढीच होती तुमची उंची. खात्रीने."

"आज किती हाय?"

मी सांगितले.

"मग आजचं लिवा, बाई," ते म्हणाले. "हे डावं पान हाय."

मी लिहिले. त्या विहिरीच्या पानावरचा माझा शेवटचा आकडा.

१.८०.